सगळ्याच लेन्स धूसर

मला भीती वाटली की माझं तोंड सुरू होतं. गप्प राहून भिणाऱ्या बाया वेगळ्या. मी भ्यायले की भांडते. त्या वर्षी पोळ्यापासून मी घरात सगळ्यांशी भांडत होते, आणि सगळ्यात जास्त संघर्षशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी. चारचौघांत मी त्याला तुम्ही म्हणते आणि मनात तू म्हणते. त्या दिवसांत मनातलंच जास्त चाललं होतं.

कारण होतं फवारणी. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडात अळी शिरली होती. एका औषधानं भागेना म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र कालवत होते. वर तोंड करून फवारायचं आणि तेच पुन्हा तोंडावर घ्यायचं. आमच्या गावचा फकिरा असाच वावरात पडला. मी त्याला बघायला यवतमाळला गेले, तर त्याचे हात पट्टीनं खाटेला बांधलेले, कारण तो हवेत काहीतरी पकडत होता. डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यावर टॉर्च मारून शिकाऊ पोरांना बाहुली दाखवली. मीही मागून मान घातली. मोहरीएवढी होती. हे विष अंगात गेलं की डोळ्याची बाहुली अशी मिटत जाते, अंधारातही उघडत नाही, असं त्या सांगत होत्या. फकिरा वाचला, पण माझी झोप गेली ती गेली.

घरी येऊन मी संघर्षला बजावलं की पंपाला हात लावायचा नाही. आमचं तीन एकराचं वावर गावाकडे आहे आणि आम्ही पांढरकवड्याला फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नसराई संपली की तो वावराकडे वळतो. त्यानं नंदीबैलासारखी मान हलवली. फवारा उकंडाकाका मारतील असं ठरलं. उकंडाकाका आमच्या बांधालगतचे, माझ्या लग्नात दोन दिवस मांडवात राबलेले. त्यांच्यावर काम सोपवलं की आपण निवांत, असं आमच्या घरात सगळेच म्हणायचे.

आता लेन्सचं सांगते. स्टुडिओ माझ्या सासऱ्यांनी, डोमाजींनी उभा केला. नागपूरला गेले की पोरांना खाऊ आणावा तशी ते एखादी जुनी लेन्स घेऊन यायचे. ते गेले, पण त्यांचं लोखंडी कपाट तसंच आहे. आत एक लहान बल्ब कायम जळत असतो, म्हणजे काचेला ओल लागत नाही आणि बुरशी धरत नाही. त्या बल्बची राखणदारी माझ्याकडे. लाइट गेली तर मी कपाटात गरम तांदळाची पुरचुंडी ठेवते. सासू म्हणायची, हिनं कपाटाशीच लग्न केलं.

या कपाटासाठी राजदीपभाऊ नागपूरहून आले. संघर्षचे शाळेतले मित्र. बाहेर कॅमेरामन म्हणून बरीच वर्षं काढून ते आता स्वतःचा पहिला सिनेमा करणार होते, आपल्याच भागात. कॅमेरा विटेएवढा, पण सिनेमाचा; सिनेमाच्या लेन्स मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरच्या. मग फोटोच्या जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून त्याच कॅमेऱ्यावर चढवायच्या असं त्यांनी ठरवलं. आणि फोकस ओढायला संघर्ष. सिनेमात माणूस चालत येतो तेव्हा फोकसही त्याच्याबरोबर चालत यावा लागतो, आणि ते काम एका माणसाचं असतं. रिंगवर पांढरी चिकटपट्टी लावून खुणा करायच्या, इथे दार, इथे माठ, इथे चूल, आणि न चुकता त्या खुणेवर यायचं. राजदीपभाऊ म्हणायचे की संघर्षचा डोळा असा आहे की मांडवाच्या या टोकाहून त्या टोकाची पापणी मोजेल. यात खोटं काही नव्हतं. सोमवारपासून शूटिंग होतं आणि आनंदानं संघर्षचे पाय जमिनीवर नव्हते.

अशा लेन्स निवडणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं आहे. फोटोत सगळ्याच गोऱ्यापान. नांदायला लागल्यावर एकेकीची खोड कळते. आमच्याकडच्या नव्या लेन्स राजदीपभाऊंनी आधीच बाजूला काढल्या. त्यांची रिंग नुसती गोल फिरत राहते, कुठे अडत नाही, म्हणून खुणेला काही अर्थ उरत नाही. जुन्या धातूच्या लेन्स दोन्ही टोकांना अडतात, त्या कामाच्या. पण त्यांच्याही तऱ्हा. कोणाची रिंग उजवीकडे फिरते, कोणाची उलटी. कोणाचा फोकस हलवला की समोरचं चित्रच फुगतं. उजेड कमी-जास्त करायची कडी टकटक वाजते आणि चित्र दचकतं. मला हे सगळं ऐकायला आवडत होतं. कपाटातल्या त्या म्हाताऱ्या लेन्सना अखेर कोणीतरी मागणी घातली होती.

लेन्स तपासायच्या आदल्या दिवशी संघर्ष गावी गेला होता. डुकरं कपाशीत शिरतात, जागलीला जातो, म्हणाला. सकाळी परत आला तो थेट न्हाणीत गेला. बाहेर आला, आणि पुन्हा न्हाणीत गेला. मी विचारलं तर म्हणाला, चिखल होता. साबणाचा वास पार पुढच्या स्टुडिओपर्यंत येत होता.

आतल्या खोलीत काळे पडदे ओढून आम्ही एकच बल्ब ठेवला, कारण सिनेमातलं घर अंधारं होतं. मी पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसले. राजदीपभाऊंनी पन्नास मिलिमीटरची लेन्स चढवली आणि संघर्ष कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यापुढे उभा राहून रिंग फिरवू लागला. माझ्या पापण्यांवर फोकस आणायचा होता. तो पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. म्हणाला, धूसर आहे, बसतच नाही. राजदीपभाऊंनी वाकून बघितलं. त्यांना बरी वाटली. पण संघर्ष नाही म्हणतो म्हणजे नाही, असं म्हणून त्यांनी ती उतरवली.

पंच्याऐंशीची चढवली. तीही धूसर. संघर्ष म्हणाला, बुरशी धरली असेल. हे मला झोंबलं. मी लेन्स हातात घेतली, मागून टॉर्च धरला आणि दोघांना दाखवली. आत धुळीचा कण नव्हता. मग अठ्ठावीसची आली. ती म्हणे अंधारी. तिची कडी पूर्ण उघडलेली होती, तरी त्याला उजेड पुरत नव्हता. अजून एक बल्ब लाव, म्हणाला. मी म्हटलं, अंधारातलं घर आहे ना सिनेमात, का दिवाळी आहे? राजदीपभाऊ हसले. संघर्ष हसला नाही.

मग दोघं अ‍ॅडॉप्टरच्या मागे लागले. अ‍ॅडॉप्टर नीट बसत नसेल, केसभर फट राहत असेल, म्हणून लांबचं धूसर येत असेल. ते खोललं, कागदाचं पान घालून पाहिलं, पुन्हा आवळलं. चांगल्या तीन लेन्स टेबलावर नापास होऊन पडल्या होत्या. राजदीपभाऊ बघत होते संघर्षच्या तोंडाकडे. पडद्याकडे बघायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. ज्याच्या डोळ्यावर सगळ्यांचा भरवसा, त्याच्याच डोळ्याला कोण विचारणार?

मी स्टुलावर बसून बसून वैतागले होते. समोर तोच दिसत होता. डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. नाक पुसून पुसून लाल झालं होतं. थोड्या थोड्या वेळानं तो मोरीत जाऊन थुंकून येत होता. मी मनात म्हटलं, जागलीत गारठा लागला. मग मनातच म्हटलं, दसऱ्याच्या आधी कसला गारठा. तिथून पुढे मला स्टुलावर नीट बसवेना.

मी विचारलं, काल वावरात काय केलं. तो म्हणाला, डुकरं राखली. मी म्हटलं, आणि उकंडाकाका. तो म्हणाला, ते त्यांच्या कामाला होते. हे बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. राजदीपभाऊंसमोर मला ओरडता येत नव्हतं. पहिलं मोठं काम, सोमवारपासून शूटिंग, आणि बायको मित्रासमोर तमाशा करते, असं व्हायला नको होतं. आणि खरं सांगायचं तर मला उत्तर ऐकायचीच भीती वाटत होती. जोवर तो हो म्हणत नाही तोवर तो गारठाच होता.

मी उठले आणि म्हटलं, लेन्सला नावं ठेवू नका, तुम्ही बसा इथे, मी फोकस करते. तो कुरकुरत स्टुलावर बसला. मी कपाटातून मामंजींची जवळून फोटो काढायची लेन्स आणली. तिनं ते जुन्या फोटोंवरून नवे फोटो करायचे. लोक आपल्या गेलेल्या आईचा चुरगळलेला फोटो घेऊन यायचे. मी कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ नेला आणि रिंग फिरवली. एक डोळा पडदाभर पसरला. पापणीचा केसन् केस मोजून घ्यावा इतका कडक फोकस होता. राजदीपभाऊ मागून म्हणाले, हीच लेन्स, वहिनी, हिच्यात काय दोष आहे.

मी बाहुलीकडे बघत होते. खोलीत एवढा अंधार, लेन्सची कडी सताड उघडलेली, आणि त्याची बाहुली टाचणीनं टोचल्याएवढी. मी म्हटलं, बल्ब समोर आहे म्हणून असेल. मी हात लांब करून बल्ब बंद केला. खिडकीच्या काळ्या पडद्याच्या फटीतून येईल तेवढाच उजेड राहिला, चित्र काळवंडलं, दाणेदार झालं. कोणाचाही डोळा आता उघडला असता. मी वाट पाहिली. ते भोक तेवढंच राहिलं.

"तू फवारलं," मी म्हटलं. मित्रासमोर तू गेलं तोंडातून.

त्यानं आधी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मग ओठावरून लाळ पुसली.

"सोमवारपासून टाइम नोयता भेटत," तो म्हणाला. "उकंडाकाका एकटे किती मारतीन? कपाशीच्या अर्ध्या ओळी त्याइनं घेतल्या, अर्ध्या मी. काल दिवसभर, आन् आज पहाटे. मले वाटलं लेन्सच खराब हायेत."

लेन्सच खराब आहेत, हे त्यानं मनापासून म्हटलं होतं. धूसर आपले डोळे झालेत, हे त्याला खरंच कळलं नव्हतं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं; दोन्ही न करता मी कपाटाची किल्ली कमरेला खोचली आणि राजदीपभाऊंना गाडी काढायला सांगितलं.

राजदीपभाऊंची भाड्याची जीप बाहेर उभी होती, ड्रायव्हर गुलाबसिंग. पांढरकवड्यातल्याच दवाखान्यात पोचेपर्यंत संघर्षला दोनदा उलटी झाली आणि त्याच्या मांडीचं मांस आपोआप थडथडू लागलं. मी त्याच्याशी सतत बोलत होते, काहीही, शिव्यासुद्धा, कारण तो उत्तर देत होता तोवर तो होता. डॉक्टरांनी डोळे बघितले, छाती ऐकली आणि लगेच इंजेक्शन दिलं. म्हणाले, वेळेत आणलं, पण यवतमाळला न्यावं लागेल. अ‍ॅम्ब्युलन्स दारात होती, एकच.

स्ट्रेचर उचलताना संघर्षनं माझं मनगट धरलं. उकंडाकाकांना फोन कर, म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी फोन लावला. काकांच्या बायकोनं, कांताकाकूंनी उचलला. काका झोपलेत म्हणाल्या. पहाटे घरी आले, फवाऱ्याचा वास जावा म्हणून थोडी घेतली, तशी ते नेहमीच घेतात, आणि पडले. लय घोरून राहिले, उशी लाळेनं भिजली, अशी तर कधी चढत नव्हती यांना, असं त्या हसत सांगत होत्या. मी म्हटलं, काकू, त्यांच्या डोळ्याची बाहुली बघा केवढी आहे. त्या म्हणाल्या, मला काय समजतं डोळ्यातलं, आणि झोपल्या माणसाचे डोळे कशाला उघडू, शिव्या देतील. मी गाडी बघायला सांगितली. त्या म्हणाल्या, सारं गाव वावरात आहे, गाडी कुठली. डॉक्टरांनी दुसरी अ‍ॅम्ब्युलन्स मागवली, ती लांबच्या गावाला गेलेली होती.

राजदीपभाऊ म्हणाले, मी जीप घेऊन जातो. पण त्यांना काकांचं घर माहीत नव्हतं, आणि कांताकाकू अनोळखी माणसाच्या गाडीत नवरा घालणाऱ्यातल्या नव्हत्या. मी संघर्षचा हात सोडत नव्हते. मी सरळ सांगितलं की मी इथून हलणार नाही.

"मले डॉक्टर भेटला," संघर्ष म्हणाला. जीभ जड झाली होती. "तुनं पाह्यलं म्हणून भेटला. त्याइले पाह्याले कोण हाय?"

राजदीपभाऊ अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढले आणि मी जीपमध्ये. अ‍ॅम्ब्युलन्स यवतमाळच्या रस्त्याला लागली आणि आम्ही उलट्या दिशेनं निघालो. मी मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर उतरले असते. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. गुलाबसिंगनं जीप खाली उतरवून बाजूच्या मातीतून काढली. पुढे आमच्या गावाच्या फाट्यापासून दोन्ही बाजूंना नुसती कपाशी, हिरवीगार, जीपच्या छताच्या वर. काचा बंद होत्या तरी तो उग्र वास आत येत होता. जागोजागी कोणीतरी पाठीवर पंप घेऊन उभं होतं. मला प्रत्येकाला थांबवून त्याचे डोळे बघावेसे वाटत होते. मी देवाबिवाला मानत नाही, आमच्या घरी ते नाही. तरी मी काहीतरी पुटपुटत होते. संघर्षसाठी की काकांसाठी, मलाच ठाऊक नाही.

काकांच्या घरी पोचले तेव्हा कांताकाकू चुलीपुढे होत्या. मला बघून त्यांना आनंदच झाला. म्हणाल्या, तू उगाच घाबरलीस पोरी, घोरणं थांबलं त्यांचं, आत्ताच जरा निवांत झोप लागली, आता चहा घेतील आणि उठतील. मी चप्पल न काढता आत गेले.

खोली अंधारी होती. काका भिंतीकडे तोंड करून गोधडीवर पडले होते. मी गुडघ्यावर बसले, त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि अंगठ्यानं पापणी वर केली. वाटभर मी मोहरीच बघत आले होते. फकिराची मोहरी, संघर्षची त्याहून लहान. तशीच दिसली की पुढे काय करायचं, उचलायचं कसं, गुलाबसिंगनं पाय धरायचे, हे सगळं मी ठरवून ठेवलं होतं.

बाहुली मोठी होती. काळी, गोल, पूर्ण उघडी, अंधाऱ्या खोलीत असावी तशी. माझा जीव भांड्यात पडला. गेल्या कित्येक दिवसांत मला असं हलकं वाटलं नव्हतं. मी तिथूनच मोठ्यानं सांगितलं, "काकू, काही नाही झालं. बरे हायेत काका."

त्या चुलीपुढून म्हणाल्या, मी म्हटलंच होतं.

मग सवयीनं मी मोबाइलचा टॉर्च लावला. उजेड पडला की भोक लहान होतं, लेन्सचं आपण करतो, डोळ्याचं आपोआप होतं. मी उजेड जवळ नेला. बाहुली तशीच राहिली. मी अजून जवळ नेला, पापणीला टेकवला. दुसरा डोळा उघडला. तोही तसाच, सताड उघडा, आणि मोबाइलचा उजेड त्याच्यात नुसता पडून होता. तेव्हा मला कळलं की माझ्या अंगठ्याखालची पापणी गार नाही पण ऊनही नाही. मी छातीवर कान ठेवला. चुलीतल्या लाकडाचाच आवाज येत होता.

मोबाइल हातातच वाजला. राजदीपभाऊ होते. अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू येत होता. म्हणत होते, वहिनी, दुसरं इंजेक्शन दिलं, बाहुली उघडू लागली आहे, संघर्ष बोलतोय, तुम्हाला विचारतोय की काकांचं काय. मी ऐकत होते आणि दारात आलेल्या कांताकाकूंकडे बघत होते.

त्यांनी दोन कप आणले होते, एक माझा, एक काकांचा. कप खाली ठेवून त्या काकांच्या पायाशी बसल्या, गोधडी नीट केली आणि मला म्हणाल्या, "उठव न त्याइले आता. चाय गार होते."